सिंगल कॉइलची घूं घूं : गिटारच्या पोटात तांब्याची टेप लावू का?

तारेवरचा :
मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय. स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) छापाची सेकंडहँड गिटार आहे, तीन सिंगल कॉइल पिकअप (तारेचा आवाज टिपणारे, प्रत्येकी एकाच गुंडाळीचे). ॲम्प नाही. ऑडिओ इंटरफेसमधून लॅपटॉपला जोडतो आणि हेडफोन लावून वाजवतो. क्लीन टोनवर चालून जातं, पण डिस्टॉर्शन लावलं की मागे सतत घूं, आणि त्यावर चरचर वेगळीच. तारांना हात लावला की बरंच कमी होतं, हात काढला की पुन्हा सुरू. व्हिडिओ बघून बघून, बाहेरचा गोंगाट अडवायला आतून तांब्याची टेप लावायचं जवळजवळ ठरवलंय. टेप बरी की कंडक्टिव्ह (वीज वाहणारा) पेंट? आणि ते 'स्टार ग्राउंडिंग' (सगळ्या ग्राउंड वायरी एकाच बिंदूला आणणं) करावंच लागतं का? दादरला जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो, सामानासाठी लॅमिंग्टन रोड जवळच आहे.

खटपट्या :
टेप. पेंटचे दोन-तीन हात द्या, प्रत्येक हात वाळेपर्यंत थांबा, वर त्याला सोल्डर धरत नाही. टेप एका दुपारचं काम. कशी लावायची ते सविस्तर लिहितो, रात्री वेळ मिळाला की.

ओहमराव :
थांबा हो, टेप मागवायच्या आधी पाच मिनिटं द्या. गिटारमध्ये शिरणारा आवाज एकाच जातीचा नसतो, आणि तांबं त्यातल्या एकाच जातीवर चालतं.

पहिली जात चुंबकीय. ट्रान्सफॉर्मर, पंख्याची मोटर, जुन्या ट्यूबलाइटचा चोक यांच्याभोवती ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र असतं. पिकअप म्हणजे चुंबकांभोवती केसाएवढ्या तारेचे सात-आठ हजार वेढे. गिटारची तार थरथरली की त्यात वीज तयार होते, तशीच शेजारच्या ट्रान्सफॉर्मरमुळेही होते. पिकअपच्या लेखी दोन्ही सारखेच.

दुसरी जात विद्युत क्षेत्राची. भिंतीतल्या वायरी, डिमर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वस्तातल्या एलईडी बल्बचा ड्रायव्हर, मोबाइलचा चार्जर. चरचर बहुतेक यांची. आणि तिचा खोलीतला सगळ्यात मोठा अँटेना म्हणजे तुम्ही स्वतः. ती तुमच्या अंगावर येते आणि पोटाशी धरलेल्या गिटारच्या आतल्या उघड्या वायरींमध्ये उतरते. तारांना हात लावलात की अंग ब्रिजच्या (तारा जिथे बांधलेल्या असतात त्या पट्टीच्या) वायरीवाटे ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या शून्य बिंदूला, जोडलं जातं, म्हणून ती गप्प होते.

आता तपासा. व्हॉल्यूम शून्यावर न्या. तरीही आवाज तेवढाच असेल तर गिटार उघडूच नका, केबल, जॅक आणि पुढची यंत्रं बघा. शून्यावर आवाज गेला तर व्हॉल्यूम पुन्हा पूर्ण करा आणि गिटार धरून खुर्चीतल्या खुर्चीत गोल फिरा. एखाद्या दिशेला घूं जवळजवळ नाहीशी होत असेल तर ती चुंबकीय. तिच्यावर टेपचा उपयोग शून्य. ५० हर्ट्झचं क्षेत्र अडवायला तांब्याची जाडी मिलिमीटरांत लागते (त्या फ्रीक्वेन्सीला तांब्याची स्किन डेप्थ, म्हणजे क्षेत्र बरंच क्षीण व्हायला लागणारी खोली, सुमारे ९ मि.मी. आहे), आणि टेप असते मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून पातळ. हात लावल्यावर जे कमी होतं, त्यावर मात्र टेप कामाची.

आणि हो, लॅपटॉपचा चार्जर काढून, नुसत्या बॅटरीवर वाजवून बघा. हे विसरू नका.

बेसुरी :
ओहमराव, +१. एक गंमत सांगते. आपल्याकडची ५० हर्ट्झची घूं आणि तिचा १०० हर्ट्झचा भाऊ जवळपास 'जी' स्वरात असतात, किंचित चढे. मी बासवर जी वाजवते तेव्हा घूं सुरात मिसळून जाते आणि वाटतं गेलीच! अमेरिकेत ६० हर्ट्झ, तो बी आणि बी फ्लॅटच्या मधोमध अडकलेला. त्यांना तेवढंही सुख नाही.

चारोळ्या :
नॉइज गेट लावा की, दोन मिनिटांत विषय संपेल.

खटपट्या :
चारोळ्याभाऊ, गेट फक्त तुम्ही गप्प असताना गप्प करतं. सूर लांबवला की घूं त्याच्या मागून येतेच, आणि सूर विझताना मधेच कापला जातो तो वेगळा.

तारेवरचा :
ओहमराव, सगळं करून बघितलं. व्हॉल्यूम शून्यावर जवळपास शांत. खुर्चीत फिरलो तर खिडकीकडे तोंड केल्यावर घूं खूप कमी होते, लॅपटॉपकडे वळलो की वाढते. म्हणजे ती चुंबकीय, समजलं. पण चार्जर काढल्यावर चरचर निम्म्याहून जास्त गेली! हे अपेक्षित नव्हतं. चार्जर तीन पिनांचा आहे, कंपनीचाच.

जाता जाता, चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या पत्र्यावर मनगट टेकलं की झिणझिण्या येतात. अनवाणी फरशीवर असलो तर गिटारच्या तारांनाही थोड्या जाणवतात. पण ते सगळ्यांच्याच लॅपटॉपला होतं ना?

ओहमराव :
सगळ्यांना होतं कारण सगळ्यांच्या घरी अर्थिंगची बोंब असते. तीन पिनांच्या चार्जरला ते होऊ नये.

चार्जरच्या आत आवाज गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात, मेन्स (भिंतीतून येणारी वीज) आणि चार्जरचं ग्राउंड यांच्या मध्ये. तिसऱ्या पिनेला खरी अर्थ असेल तर तिथून झिरपणारा किरकोळ करंट जमिनीत जातो. ती नसेल तर लॅपटॉपचा पत्रा अधांतरी राहतो, मेन्सच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास. पत्र्याला यूएसबीची शील्ड जोडलेली, तिला इंटरफेस, त्याला केबलची जाळी, जाळीला ब्रिज, ब्रिजला तारा. शेवटी तुम्ही. करंट अर्ध्या मिलिअँपिअरच्या आतला, त्यामुळे नुसत्या झिणझिण्या. पण अर्थ नसलेल्या त्याच सॉकेटवर उद्या एखादा बिघडलेला ॲम्प लावलात, तर त्याच वाटेनं पूर्ण २३० येतील.

मल्टिमीटर आहे का? एसीवर ठेवून सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ मोजा. पहिली दोन जवळपास सारखी आणि तिसरं एक-दोन व्होल्ट असेल तर बरं म्हणायचं. सवय नसेल तर स्वतः करू नका, वायरमनला बोलवा. टेपचं नंतर बघू.

मंडपातला :
हा धागा वाचून राहवलं नाही. आम्ही ऑर्केस्ट्रात वाजवायचो, गणपती, नवरात्र, गावच्या जत्रा. मंडपवाला वायर टाकायचा ती दोन पदरी, तिसरी तार बघायलाही मिळायची नाही. जनरेटरवाला कधी लोखंडी सळई जमिनीत ठोकून वर मिठाचं पाणी ओतायचा, कधी तेही नाही. गिटार ॲम्प एका फेजवरून, साउंडवाल्याचा मिक्सर दुसऱ्यावरून. मग गाणारा गिटारवाला माइकला ओठ लावतो आणि 'हाऽ' करून मागे येतो. लोक हसायचे. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

'स्टोन द क्रोज' या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सीला स्टेजवरच शॉक लागून गेला. हातात गिटार, दुसरा हात माइकला. तारा एका यंत्राच्या ग्राउंडला आणि माइक दुसऱ्याच्या, आणि दोन्हींत फरक असला की मधला पूल आपण होतो. त्यामुळे माझी सवय अशी: नवीन स्टेजवर पहिल्यांदा टेस्टरनं माइकची जाळी बघायची, मग गिटारची तार एका क्षणापुरती माइकच्या जाळीला टेकवायची, गिटार गळ्यात न घालता, लाकडाला धरून. ठिणगी उडाली तर वाजवायचं नाही, बिदागी गेली खड्ड्यात.

आणि तारेवरच्या, एक नीट ऐक बाबा. वायरमन येईल आणि म्हणेल, "अर्थ नाही का? न्यूट्रलला जोडून देतो, टेस्टर लावा, झालं काम." जोडू देऊ नकोस. जुन्या बिल्डिंगांमध्ये हे सर्रास करतात. खाली कुठे न्यूट्रल तुटली तर तुझा लॅपटॉप, फ्रिज, गिटार, सगळ्यांच्या पत्र्यावर फेज येऊन बसेल.

राइनकाठचा :
इथे जर्मनीत अर्थ सगळीकडे असते, तरी घूं आहेच. चुंबकीय घूं कुठे व्हिसा मागते? एक उपाय कोणी सांगितला नाही. ब्रिजच्या वायरीच्या मध्ये ०.३३ मायक्रोफॅरडचा ४०० व्होल्टचा कपॅसिटर टाकायचा. अमेरिकन गिटार फोरमांवर फार वर्षं फिरतोय. सिग्नलच्या आवाजापुरतं ग्राउंडिंग राहतं आणि शॉकपासून बचाव होतो, असं म्हणतात.

ओहमराव :
गणित करून बघू. ०.३३ मायक्रोफॅरड, १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ : सुमारे १५ मिलिअँपिअर. तोच कपॅसिटर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला : सुमारे २४. दहा-पंधरा मिलिअँपिअरलाच बऱ्याच जणांच्या हाताची मूठ सुटत नाही. म्हणजे अमेरिकेत जे 'बरं' आहे, ते आपल्याकडे आणि तुमच्याकडे 'बघू या' इतकंच. डीसी मात्र तो पूर्ण अडवतो, जुन्या व्हॉल्व्ह ॲम्पच्या बाबतीत तेवढा फायदा. घरच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवणं याहून कितीतरी पटीनं शहाणपणाचं. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला नाही की तो पडतो, मग उरलेला तुमच्या अंगातून गेला असो की वायरीतून. अर्थ नसली तरी अंगातून जाणारा करंट त्याला कळतो. त्याला पर्याय म्हणून अर्थ टाळू नका, दोन्ही हवेत.

आणि घूं घालवायला ॲम्पच्या प्लगची अर्थ पिन काढणारे, टेप लावून झाकणारे किंवा दोन पिनांचा ॲडॅप्टर लावणारे महाभाग अजून आहेत. आवाज जातो खरा, कारण ग्राउंड लूप, म्हणजे दोन यंत्रांच्या अर्थमधून फिरणारा करंटचा वेढा, तुटतो, पण अर्थही जाते. लूप तोडायचा तर डीआय बॉक्सवर (गिटार आणि मिक्सरच्या मधल्या डबीवर) 'ग्राउंड लिफ्ट'चं बटण असतं. ते फक्त ऑडिओच्या वायरीची जाळी सोडवतं, मेन्सच्या अर्थला हात लावत नाही.

तारेवरचा :
वायरमन येऊन गेला. मंडपातला काका, तुम्ही लिहिलेलं वाक्य त्यानं जवळजवळ शब्दशः म्हटलं!! सॉकेटच्या मागे अर्थच्या टर्मिनलला वायरच नव्हती. फेज-अर्थ मोजलं तर मीटर ९० च्या आसपास नाचत होता. सोसायटीच्या मीटर रूमपर्यंत अर्थ आहे, आमच्या मजल्यावर कोणी वर ओढलीच नव्हती. आता हिरवी वायर ओढून घेतली, आरसीसीबी बसवला. झिणझिण्या बंद. चार्जर लावलेला असतानाही चरचर आता बॅटरीइतकीच, म्हणजे पूर्वीच्या निम्म्याहून कमी. गिटारचा एक स्क्रूही अजून उघडलेला नाही.

उरलेल्या चरचरीसाठी टेप लावतोच. खटपट्या, तुमची रात्र झाली का?

खटपट्या :
झाली झाली. घ्या.

टेप घेताना 'कंडक्टिव्ह ॲडहेसिव्ह' बघून घ्या, म्हणजे गोंदातूनही वीज जाते. साधा गोंद असेल तर प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा थेंब द्यावा लागतो. सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असेल तर वायरींना पुरे, पॉटच्या (व्हॉल्यूम-टोनच्या फिरकीखालच्या डबीच्या) पाठीला नाही. पॉटची पाठ उष्णता खाऊन टाकते, सोल्डर नुसतं वर बसतं आणि महिन्याभरात सुटतं. ५०-६० वॉट, चपटं टोक, आणि पॉटची पाठ आधी सँडपेपरनं खरवडून घ्या.

तारा सैल करून काढा, पिकगार्डचे (पुढच्या प्लॅस्टिकच्या झाकणाचे) स्क्रू काढा (हल्लीच्या स्ट्रॅटला ११ असतात), पिकगार्ड उलटं करा, फोटो काढा. आधी फोटो, मग कात्री. जॅकच्या दोन वायरी आणि मागच्या स्प्रिंगकडून येणारी ग्राउंड वायर सोडवली की पिकगार्ड मोकळं होतं. लाकडातल्या खाचेत आधी तळाला टेप, मग भिंतींना. प्रत्येक पट्टी शेजारच्या पट्टीवर अर्धा-एक सें.मी. चढू द्या. भिंतीवरची टेप वर काठाबाहेर थोडी दुमडून, शक्यतो एखाद्या स्क्रूच्या भोकापर्यंत आणा. पिकगार्डच्या मागेही टेप लावायची आणि दोन्ही तिथे दाबून भिडले पाहिजेत. ते भिडले नाहीत तर वरचं झाकण अधांतरी राहतं, तिथून चरचर आत येते. टेपच्या कडा ब्लेडसारख्या लागतात, बोटं सांभाळा.

मग मीटर कंटिन्युइटीवर ठेवून खाचेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पिकगार्डच्या टेपपासून खाचेपर्यंत, आणि शेवटी तारेपासून जॅकच्या बाहेरच्या कडीपर्यंत बघा. सगळीकडे एक ओहमच्या आसपास किंवा कमी. खाचेतली टेप एका वायरीनं व्हॉल्यूम पॉटच्या पाठीला जोडायची, नाहीतर ती शील्ड नाहीच, नुसती सजावट.

सगळ्यात मोठा सापळा जॅकच्या खोबणीत. तिथे टेप लावली की प्लग घातल्यावर जॅकची टोकाकडची पात वाकून टेपला टेकते आणि गिटार मुकी होते. लोक सगळं उघडून सोल्डर तपासत बसतात. पात जिथे पोचते तिथे टेपवर इन्सुलेशन टेप मारा. फाइव्ह-वे स्विचचे (पिकअप निवडायच्या) पाय खाचेच्या भिंतीच्या जवळ येतात, तिथेही मारा.

स्टार ग्राउंडिंगचं म्हणाल तर मी करतो. पॉटपासून पॉटला जाणाऱ्या ग्राउंडच्या वायरी काढून टाका, कारण पिकगार्डच्या टेपमधून ते जोडलेले असतातच. ठेवल्या तर ग्राउंड लूप होतो.

ओहमराव :
बाकी सगळं उत्तम, शेवटच्या ओळीला माझा विरोध. गिटारच्या आतला लूप म्हणजे काही चौरस सेंटिमीटरचा एकच वेढा, त्याचा रोध ओहमच्याही अंशात. त्याच्या शेजारी सात-आठ हजार वेढ्यांचे तीन पिकअप बसलेत. घूं कोण गोळा करणार? त्या वायरी काढल्या आणि पुढे पॉटचं नट सैल झालं, टेपवर ऑक्सिडेशन आलं, की ग्राउंड जाईल आणि गिटार किंचाळायला लागेल. असू द्या त्या वायरी. खरा ग्राउंड लूप दोन यंत्रं दोन वेगळ्या सॉकेटांतून अर्थ घेतात आणि मध्ये ऑडिओ केबल असते तेव्हा होतो.

खटपट्या :
वायरी काढल्यावर माझी गिटार शांत झाली होती, हे मी कानांनी ऐकलंय.

ओहमराव :
त्याच दुपारी तुम्ही टेपही लावली होती ना?

खटपट्या :
:) लावली होती. बरं, असू द्या वायरी. पण कमी वायरी असल्या की बिघाड शोधायला सोपं जातं, हे तरी मान्य करा.

ओहमराव :
हे मान्य.

बेसुरी :
माझ्या बासला ॲक्टिव्ह पिकअप आहेत, नऊ व्होल्टची बॅटरी लागते. त्याच्या कागदावर लिहिलंय की ब्रिजची ग्राउंड वायर जोडू नका. ते बरोबर का?

ओहमराव :
बरोबर. कमी इंपीडन्सचे, आतूनच शील्ड केलेले पिकअप असतात ते. अंगावरच्या चरचरीचा त्यांच्यावर परिणाम जवळपास नाही, म्हणून तारांना ग्राउंड द्यायची गरज उरत नाही. मंडपातल्या काकांच्या दृष्टीनं तर उत्तमच. पण तोच न्याय लावून साध्या पॅसिव्ह गिटारची ब्रिज वायर काढलीत तर चरचर दुप्पट होईल.

तारेवरचा :
टेप लावून झाली. तारांवरून हात काढला तरी आता फरक जवळपास कळत नाही, पंख्याचा रेग्युलेटर फिरवल्यावर यायची ती चरचर गेली. घूं मात्र जशीच्या तशी, लॅपटॉपकडे वळलं की येते. आधीच सांगितलं होतंत म्हणून निराश झालो नाही. स्विच दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर ठेवला की तीही जाते, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं. का?

ओहमराव :
त्या जागांवर दोन पिकअप एकत्र चालतात, आणि तुमचा मधला पिकअप उलट गुंडाळलेला आणि उलट चुंबकाचा आहे. बाहेरून येणारी घूं दोन कॉइलमध्ये उलटसुलट येऊन एकमेकींना खाते. तारेचा सूर दोन्हीकडे उलट चुंबकामुळे पुन्हा सरळ होतो आणि जोडला जातो. हंबकरचं (दोन कॉइलच्या पिकअपचं) तत्त्व हेच. गिब्सनमध्ये सेथ लव्हरनं १९५५ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. उरलेल्या तिन्ही जागाही शांत हव्या असतील तर एकावर एक दोन कॉइल असलेले 'नॉइजलेस' पिकअप मिळतात. आवाजात थोडा फरक पडतो, काहींना खटकतो. मी तुमच्या जागी असतो तर लॅपटॉपपासून दीड-दोन मीटर लांब बसलो असतो. चुंबकीय क्षेत्र अंतरानं फार झपाट्यानं उतरतं आणि लांब बसायला पैसे पडत नाहीत.

राइनकाठचा :
टेप लावल्यानं ट्रेबल (वरचे, धारदार सूर) कमी होते असं वाचलं होतं. तारेवरच्यांना जाणवलं का?

तारेवरचा :
किंचित वाटलं, पण ते मनाचं असेल.

खटपट्या :
खाचेतल्या टेपनं नावापुरती होते. वायरी भिंतीला चिकटून गेल्या असतील तर थोडी जास्त. पिकअपच्या कॉइललाच टेप गुंडाळली तर मात्र नक्की जाणवते, ते करू नका. बाकी केबलकडे बघा. साध्या गिटार केबलची कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड, आणि तीच ट्रेबल खाते. सहा मीटरची असेल तर तीनची घ्या, टेपनं नेली असेल त्याहून जास्त ट्रेबल परत मिळेल.